जुन्या माझदा एमएक्स-५ चे ब्रेक: पैसे कुठे घालावेत, कुठे राखावेत

मागेपुढे कुणी नाही असा कोरडा, सरळ रस्ता शोधा. ताशी ५० किलोमीटरचा वेग धरा आणि ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा. एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) नसलेल्या गाडीची पुढची चाकं लॉक होऊन टायर किंचाळले, तर तुमच्या ब्रेकमध्ये टायरची पकड मोडण्याइतकी ताकद आहे. याहून मोठा ब्रेक बसवला तरी तुमची गाडी या रस्त्यावर आधी थांबणार नाही. तिला थांबवणारी शेवटची गोष्ट टायर आहे, आणि त्याची हद्द तुम्ही आत्ताच गाठली आहे.

मग लोक मोठे ब्रेक बसवतात ते कशासाठी? मुख्यतः उष्णतेसाठी, आणि थोडंफार पायाखालच्या जाणिवेसाठी. जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकवर खर्च करायचा असेल तर आधी हे ठरवा की तुमची तक्रार उष्णतेची आहे, जाणिवेची आहे, की फक्त म्हातारपणाची. माझ्या पाहण्यात दहातल्या आठ गाड्यांची तक्रार म्हातारपणाची निघते.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता इंग्लंडमधल्या डर्बीत राहतो. वडील शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत साचेकाम करायचे, त्यामुळे ब्रेकची डिस्क मला आधी बिडाचं कास्टिंग म्हणून दिसते आणि मग गाडीचा भाग म्हणून. माझ्याकडे १९९१ ची माझदा एमएक्स-५ आहे, १.६ इंजिनची, पापण्यांसारखे वर उघडणाऱ्या दिव्यांची. इथे जे सांगतोय ते या गाडीवरून सांगतोय, कारण तिचा प्रत्येक बोल्ट मला ठाऊक आहे. त्या काळातल्या दुसऱ्या हलक्या स्पोर्ट्स कारलाही विचाराची हीच पद्धत लागू पडते, आकडे मात्र ज्याचे त्याने बघायचे.

उष्णता किती, ते आधी समजून घ्या

माणूस आणि पेट्रोल धरून माझी गाडी साधारण ११०० किलो भरते. ताशी १०० वरून ती पूर्ण थांबवली की सुमारे सव्वाचार लाख जूल ऊर्जा डिस्कमध्ये उतरते. एवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येतं. वेग १६० असेल तर हीच ऊर्जा अडीचपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

आता घाट बघा. इथे मॅकल्सफील्ड आणि बक्स्टनच्या मध्ये 'कॅट अँड फिडल'चा रस्ता आहे, माथा पाचशे मीटरच्या वर. तिथून मॅकल्सफील्डला उतरताना गाडी साधारण साडेतीनशे मीटर खाली येते. वेग अजिबात वाढू दिला नाही आणि सगळा भार ब्रेकवर टाकला, तर ताशी १०० वरून जवळजवळ नऊ वेळा थांबण्याइतकी उष्णता निर्माण होते. कोल्हापूरच्या ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे, ज्या गियरमध्ये घाट चढलास त्याच गियरमध्ये उतर. गगनबावड्याला जो नियम लागतो तोच इथल्या पीक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांनाही लागतो, आणि त्याला एक पैसा पडत नाही. घाटात ब्रेक तापतात म्हणून नवे ब्रेक शोधणाऱ्याला मी आधी विचारतो, गियर कोणता होता?

ब्रेक तापून दगा देतात तो दोन प्रकारांनी, आणि हे दोन ओळखता आले की निम्मं काम झालं. पेडल घट्ट आहे, पाय जोरात दाबतोय, पण गाडी हवी तशी थांबत नाही: इथे पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी घासणारे घर्षणाचे तुकडे) त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेलेत. पेडल मऊ होऊन खाली खाली जातंय, दोनतीनदा मारल्यावर थोडं वर येतंय: इथे ब्रेक फ्लुइड (पायाचा दाब चाकांपर्यंत नेणारा द्रव) उकळलंय आणि नळीत वाफ झालीय. पहिल्याला पॅड हा उपाय, दुसऱ्याला फ्लुइड. या दोन्हींत डिस्कचा आकार नंतर येतो. आणि थंड गाडीचंही पेडल मऊ लागत असेल, तर तो उष्णतेचा प्रश्नच नाही. पुढचा भाग वाचा.

आधी मूळ ब्रेक मूळ स्थितीत आणा

या भागावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण सगळ्यात मोठा फरक इथे पडतो आणि सगळ्यात कमी लोक इथे थांबतात. गेल्या वर्षी भाचा लेस्टरला शिकायला आला, त्यानेही अशीच जुनी एमएक्स-५ घेतली. पहिलाच फोन: "मामा, चार पिस्टनचे कॅलिपर बघितलेत, घेऊ का?" म्हटलं, "अरे, आधी गाडी घेऊन ये, चाकं काढू." मागचा डावा कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारी पकड, गंजून जाम होता. त्या चाकाचा ब्रेक लागतच नव्हता.

या गाडीच्या मागच्या कॅलिपरमध्येच हँडब्रेकची यंत्रणा असते, आणि इंग्लंडच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात. त्यामुळे मागचे कॅलिपर अडकणं हा या मॉडेलचा ठरलेला आजार आहे. गाडी जॅकवर आणि मग नीट स्टँडवर घ्या, चाक हाताने फिरवून बघा. हँडब्रेक सोडूनही ते जड फिरतंय, किंवा हँडब्रेकचा लिव्हर कॅलिपरवर पूर्ण मागे येत नाहीये, तर कॅलिपर उघडून दुरुस्त करा किंवा नव्याने बांधलेला आणा.

नवे पॅड घालताना मागचा पिस्टन (पॅडला ढकलणारा कॅलिपरमधला दट्ट्या) क्लॅम्पने दाबून आत ढकलायचा नसतो. कॅलिपरच्या मागे एक बोल्ट आहे, त्याला १४ चा पाना लागतो. तो काढला की आत ४ मिलिमीटरची ॲलन की बसते. ती घड्याळाच्या उलट फिरवली की पिस्टन मागे जातो. पॅड बसल्यावर घड्याळाच्या दिशेने फिरवत चाक अडेपर्यंत न्या, मग एक तृतीयांश फेरा मागे घ्या. चाक मोकळं फिरलं पाहिजे. हे ॲडजस्टमेंट सैल राहिलं की पेडल लांब जातं आणि हँडब्रेक वरपर्यंत ओढावा लागतो. पेडल मऊ आहे म्हणून लोक नवी मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की फ्लुइड नळ्यांत ढकलणारा पंप) घालतात, स्टीलच्या नळ्या घालतात, आणि दोष या चार मिलिमीटरच्या चावीपाशी असतो.

कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या बाहेर काढा, पुसा, आणि रबराला चालणारं सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं. ब्रॅकेटवर पॅड जिथे टेकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा. पॅड तिथे बोटाने सरकले पाहिजेत.

मग नळ्या. तीस वर्षांची रबरी नळी बाहेरून धड दिसते आणि आतून सुजते. आतलं भोक बंद व्हायला लागलं की दाब जातो पण परत येत नाही, आणि ब्रेक लागलेलाच राहतो. तिच्या जागी स्टीलच्या जाळीची नळी घातली तर पेडल थोडं घट्ट होतं. हा फरक मुख्यतः जुनी नळी गेल्याचा असतो, नव्या रबरी नळीनेही त्यातला बराचसा मिळतो. जाळीची घ्यायचीच तर चांगल्या कंपनीची, चाचणीचा शिक्का असलेली घ्या, आणि स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ती कुठे घासत नाही ना ते बघा. गाडीखालच्या लोखंडी पाइपांवर गंजाचे फोड आले असतील तर ते तांबं-निकेलच्या पाइपांनी बदला. वार्षिक एमओटी तपासणीत गाडी यावर नापास होते, आणि व्हायलाच हवी.

मास्टर सिलिंडर तपासायला इंजिन चालू ठेवून पेडल स्थिर दाबाने धरून ठेवा. ते हळूहळू जमिनीकडे सरकत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर आतले सील गेलेत.

टायरही याच भागात येतात, कारण थांबवणारे तेच. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१५ म्हणजे २०१५ चा तेविसावा आठवडा. जुनी स्पोर्ट्स कार वर्षाला फार धावत नाही, म्हणून तिच्या टायरची नक्षी शाबूत असते आणि रबर मात्र कडक झालेलं असतं. माझ्या गाडीचा मूळ आकार १८५/६० आर १४. या आकाराचे चार नवे, चांगले टायर हा मला ठाऊक असलेला सगळ्यात परिणामकारक ब्रेक-अपग्रेड आहे.

फ्लुइड

ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं आणि पाणी वाढलं की त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ या प्रतीच्या फ्लुइडला ताज्या स्थितीत किमान २३० अंश आणि पाणी शोषल्यानंतर किमान १५५ अंश अशी अट आहे. डॉट ५.१ साठी हेच आकडे २६० आणि १८०. रस्त्यावरच्या गाडीला ताजं डॉट ४ पुरतं, दर दोन वर्षांनी बदललं तर. डोंगरात जोरात चालवणार असाल तर ५.१ घ्या. ट्रॅकवर नेणार असाल तर ताज्या स्थितीत ३०० अंशांच्या आसपास टिकणारं रेसिंगचं फ्लुइड घ्या, पण ते अधिक वेळा बदलावं लागतं. डॉट ५ हा वेगळा पदार्थ आहे, सिलिकॉनचा. नाव जवळचं म्हणून तो ५.१ मध्ये मिसळू नका.

फ्लुइड बदलून नळ्यांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. इथल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. टाकीतली पातळी खाली जाऊ देऊ नका, आणि रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

पॅड: इथे खरी निवड आहे

डर्बीशायरच्या डोंगरांतच १८९७ मध्ये हर्बर्ट फ्रूड यांनी घोडागाड्यांच्या ब्रेकसाठी घर्षणाचं चांगलं साहित्य शोधायला सुरुवात केली, आणि त्यातून फेरोडो कंपनी उभी राहिली. चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावावरून जाताना मला दर वेळी समाधान वाटतं, की ज्या उतारांवर मी ब्रेक दाबतो त्याच उतारांनी हा उद्योग जन्माला घातला.

प्रत्येक पॅडला एक तापमानाचा पट्टा असतो. रस्त्याचा पॅड थंड असताना लगेच पकडतो आणि फार तापला की ढिला पडतो. शर्यतीचा पॅड तापल्यावर अफाट पकडतो, पण जानेवारीच्या सकाळी पहिल्या चौकात तुमचा पाय दाबला जातो आणि गाडी पुढेच जात राहते. रोजच्या रस्त्यावर ज्या ब्रेकने तुमचा जीव वाचणार आहे तो बहुतेक वेळा थंड ब्रेक असतो. म्हणून शर्यतीचे पॅड घालून ऑफिसला जाणाऱ्यांना मी अगदी कळकळीने सांगतो, हे करू नका.

रस्त्यासाठी पाकिटावर आर-९० या पॅडच्या मानकाची मान्यता बघा. तिचा अर्थ असा की हा पॅड मूळ पॅडच्या कामगिरीच्या १५ टक्क्यांच्या आत राहतो, म्हणजे पुढच्या-मागच्या ब्रेकचा मूळ समतोल टिकतो. डोंगरात रविवारी जोरात चालवायची असेल तर 'फास्ट रोड' प्रकारचे पॅड घ्या. मी पुढे-मागे मिन्टेक्सचे एम-११४४ वापरतो. थंडीत धरतात आणि पीक डिस्ट्रिक्टमधल्या विनॅट्स पास या घाटाच्या उतारावर साथ सोडत नाहीत. वर्षातून काही वेळा डॉनिंग्टनसारख्या ट्रॅकवर जाणाऱ्याने दुसरा संच वेगळा ठेवावा आणि आदल्या दिवशी बदलावा. एकच पॅड ऑफिसलाही आणि ट्रॅकलाही उत्तम असं मला अजून मिळालेलं नाही.

पुढे एका जातीचे आणि मागे दुसऱ्या जातीचे पॅड घालू नका. मागची पकड जास्त झाली तर ओल्या वळणावर मागची चाकं आधी लॉक होतील आणि गाडी गरकन फिरेल.

डिस्क: साधी, बिनभोकांची, चांगल्या बिडाची

इथे वडिलांच्या फाउंड्रीतलं शिक्षण उपयोगी पडतं. डिस्क करड्या बिडाची ओततात, कारण त्या बिडात ग्राफाइट पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतं. ते उष्णता चटकन पसरवतं आणि थरथर गिळून टाकतं. पण हेच पापुद्रे ताण आला की तडा पुढे नेणाऱ्या वाटाही होतात. अशा धातूला भोकं पाडणं म्हणजे तड्यांना सुरुवातीची जागा करून देणं. तापणं-निवणं चालू राहिलं की भोकांच्या कडांवरून बारीक रेषा निघतात, आणि दोन भोकांमधली रेषा जुळली की डिस्क फेकून द्यावी लागते. शिवाय भोकांमुळे वजन कमी होतं, आणि डिस्क उष्णता साठवते ती वजनाच्या जोरावर. पूर्वीचे पॅड तापल्यावर बराच वायू सोडायचे, तेव्हा भोकांना काम होतं. आजच्या पॅडना त्याची गरज नाही. चर पाडलेल्या डिस्क त्या मानाने बऱ्या, पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात, पण पॅड लवकर झिजवतात. रस्त्यासाठी माझं मत स्पष्ट आहे: नामांकित कंपनीची साधी डिस्क.

किमान जाडी डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या भागावर कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजा. व्हर्निअरने मोजाल तर कडेला उरलेल्या उंचवट्यामुळे माप जास्त येईल. बसवण्याआधी हबचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागाचा) गंज पूर्ण साफ करा. तिथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी डिस्कच्या बाहेरच्या कडेला डगमग येते. डायल गेज लावून बघा, डगमग ०.१ मिलिमीटरच्या आत हवी. 'डिस्क वाकली' म्हणून ज्या तक्रारी येतात त्यातल्या बहुतेकींत डिस्क वाकलेली नसते. पॅडचा थर तिच्यावर कमी-जास्त बसलेला असतो, आणि त्याचं मूळ बहुधा या डगमगीत किंवा पॅड नीट न बसवण्यात असतं.

मोठी डिस्क घ्यायचीच असेल तर

हे सगळं करूनही ट्रॅकवर पेडल मऊ होत असेल, किंवा इंजिनची ताकद वाढवली असेल, तर मोठ्या डिस्कला अर्थ आहे. सुदैवाने माझदानेच उत्तर देऊन ठेवलंय. १.६ ला पुढे २३५ आणि मागे २३१ मिलिमीटरच्या डिस्क आहेत. १९९४ च्या मॉडेलपासून आलेल्या १.८ ला पुढे २५५ आणि मागे २५१. हा संच १.६ वर बसतो आणि १४ इंची चाकांतही मावतो. त्रिज्या वाढल्याने पुढे-मागे सारखाच आठ-दहा टक्के जास्त टॉर्क (चाक अडवणारा जोर) मिळतो आणि उष्णतेला जास्त बीड मिळतं. डिस्क, ब्रॅकेट, कॅलिपर आणि त्यांना लागणारे पॅड, सगळं एकाच प्रकारच्या गाडीचं घ्या. ब्रिटनमध्ये १९९४ नंतरही १.६ विकली जात होती, म्हणून भंगारवाल्याकडून घेताना वर्षावर जाऊ नका, डिस्क मोजा.

त्याच्या पुढची पायरी २००१ नंतरच्या स्पोर्ट मॉडेलची: पुढे २७०, मागे २७६. त्याला किमान १५ इंची चाकं लागतात आणि त्यातलीही काही आत घासतात. टर्बो बसवलेल्या गाडीसाठी ठीक. माझ्यासारख्या मूळ १.६ ला गरज नाही.

आता चार पिस्टनचे, भाच्याला आवडलेले कॅलिपर. दिसतात सुंदर, हलके असतात, पॅड पटकन बदलता येतात. पण फक्त पुढे बसवले तर समतोलाचं काय होतं ते बघा. जोरात ब्रेक मारला की वजन पुढे सरकतं, या गाडीत साधारण ७० टक्के भार पुढच्या चाकांवर येतो, आणि माझदाने मागच्या दाबाचा व्हॉल्व्ह त्या हिशेबाने लावलाय. पुढची पकड बरीच वाढवली की पुढची चाकं लवकर लॉक होतात आणि मागचे टायर त्यांचा वाटा न उचलताच राहतात. गाडी आधीपेक्षा उशिरा थांबू शकते. पिस्टनचं एकूण क्षेत्रफळ मूळपेक्षा जास्त असेल तर त्यांना जास्त फ्लुइड लागतं, मग पेडल लांब जातं आणि मास्टर सिलिंडरही मोठी करावी लागते. विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारा: पिस्टनचं क्षेत्रफळ मूळच्या तुलनेत किती, आणि मागच्या ब्रेकचं काय करायचं? उत्तर आकड्यात आलं नाही तर घेऊ नका. शर्यतीसाठी बनवलेल्या बऱ्याच कॅलिपरना धुळीचं सीलही नसतं, आणि मिठाच्या रस्त्यावर ते फार टिकत नाहीत.

बसवून झाल्यावर

गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत उभ्या गाडीत मारा. नव्या पॅडनंतर पहिल्या दाबाला पेडल तळाशी जातं. मग बाहेर काढून ताशी ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा वेग कमी करा, मध्ये थोडं अंतर चालवत. पूर्ण थांबू नका, कारण तापलेला पॅड एका जागी दाबून धरला की तिथे त्याचा ठसा उमटतो. शेवटी ब्रेक न लावता काही किलोमीटर चालवून निववा. पॅडच्या कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर ती पाळा.

एमओटीत मुख्य ब्रेकला किमान ५० टक्के आणि या गाडीच्या हँडब्रेकला १६ टक्के कार्यक्षमता लागते. ब्रेक तपासणाऱ्या रोलरवरचा छापील कागद मागून घ्या. त्यावर चारही चाकांचे आकडे वेगवेगळे असतात, आणि डाव्या-उजव्यात फरक दिसला तर कोणता कॅलिपर अडकू लागलाय हे कळतं. मूळपेक्षा वेगळे ब्रेक बसवले असतील तर विमा कंपनीला लेखी कळवा, १.८ चा संच असला तरीही. चाकांचे नट टॉर्कच्या पान्याने घट्ट करा आणि ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा.